अर्थ मॅजिक जड का पडतं, आणि ते हलकं कसं करायचं

इंदुरात रविवारी चौघं एका लॅपटॉपवर हॉटसीट लावून (एकाच मशीनवर आळीपाळीने) हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक 3 हा सैन्य आणि जादूच्या डावपेचांचा गेम खेळायला बसले, की एक गोष्ट ठरलेली. गेममधला तिसरा-चौथा आठवडा उजाडेपर्यंत चौघांचेही मुख्य हीरो (सैन्य चालवणारे सेनापती) अर्थ मॅजिक, म्हणजे पृथ्वीची जादू, शिकत असतात. गेम 1999 चा, जादूच्या शाखा चार: एअर, अर्थ, फायर, वॉटर (पंचमहाभूतांतलं आकाश तेवढं राहिलं). कागदावर चारही सारख्या. प्रत्यक्षात फायर घेणारा हरला की बाकीचे म्हणतात, "घेतलंस कशाला?" मग कोणीतरी सुचवतं, फायरबॉल या स्पेलचा (मंत्राचा) डॅमेज, म्हणजे नुकसान, वाढवू या. इथेच गाडी चुकीच्या रुळावर जाते. पोहे वाफेवर नीट फुलले नसतील तर वरून कितीही जिरावण मसाला भुरभुरला तरी उपयोग नसतो.

डॅमेज ही मोजायला सगळ्यांत सोपी गोष्ट, म्हणून सगळे तीच मोजतात. पण या गेममध्ये शाखेची ताकद दोन ठिकाणी असते: नकाशावर वाचलेले दिवस आणि लढाईत मिळालेली पहिली चाल. अर्थ दोन्हीकडे पुढे आहे. नकाशावर थेट गावात पोचवणारा टाउन पोर्टल, लढाईत वेग कमी करणारा स्लो.

आधी स्लो घेऊ, कारण तो पहिल्या पातळीचा स्पेल आहे आणि फसवा आहे. त्याची जोडी एअरमधल्या, वेग वाढवणाऱ्या हेस्टशी लावतात. हीरोचं शाखेतलं कौशल्य बेसिक, अ‍ॅडव्हान्स्ड, एक्स्पर्ट असं चढत जातं. हेस्ट अ‍ॅडव्हान्स्डला वेगात 5 मिळवतो. स्लो त्याच कौशल्याला वेग निम्मा करतो. एक बेरीज, एक टक्केवारी. आता रणांगण 15 घरं रुंद आहे हे लक्षात ठेवा. आर्चएंजलचा वेग 18, म्हणजे तो तसाही एका चालीत पलीकडे पोचतो. त्याला हेस्ट देऊन 23 केलं तर चालीच्या क्रमाखेरीज हाती काही लागत नाही. उलट त्याच्यावर स्लो टाकला की 18 चे 9 होतात आणि तो मैदानाच्या मधोमध, तुमच्या तिरंदाजांसमोर उभा राहतो. झोंबीचा वेग 4. हेस्टने 9 होतो, म्हणजे दुपटीहून जास्त; स्लोने 2. थोडक्यात हेस्ट कमकुवतांना मदत करतो, स्लो भारी लोकांचे पाय बांधतो. लढाईचा निकाल बहुतेक वेळा वेगवान, महाग युनिटं लावतात, म्हणून स्लो जास्त वसूल होतो.

खरी उडी पुढे आहे. एक्स्पर्टला स्लो शत्रूच्या सगळ्या तुकड्यांवर एकदम पडतो, म्हणजे सातपर्यंत, आणि माना (स्पेल टाकायला खर्च होणारी शक्ती) लागतो तोच, 5. नॉलेज हा गुण 2 असलेल्या हीरोकडे 20 माना असतो. म्हणजे एका दमात चार लढायांत मास स्लो, आणि नकाशावरची राखणदार टोळकी जवळजवळ फुकटात साफ. टक्केवारी बदलू नका, तिला हात लावला की मोठ्या लढाया बेचव होतात. फक्त एक्स्पर्टचा खर्च 5 वरून 12 करा. तोच हीरो आता एकदाच मास स्लो टाकेल आणि पुढच्या टोळीपाशी थांबून विचार करेल. हेस्ट 5 लाच राहू द्या, दोघांत फरक ठेवायचा तो इथेच.

आता टाउन पोर्टल. चौथ्या पातळीचा स्पेल, त्यामुळे हीरोला अ‍ॅडव्हान्स्ड विस्डम हे कौशल्य लागतं, आणि मेज गिल्डच्या (गावात स्पेल शिकायची इमारत) चौथ्या मजल्यावर मुळात दोनच स्पेल मिळतात. एवढं दुर्मीळ, मग तक्रार कसली? तक्रार अशी, की तो मिळाला की आठवड्याचा हिशेबच बदलतो. नवं सैन्य आठवड्याच्या पहिल्या दिवशी तयार होतं. पोर्टल नसलेला हीरो सैन्य आणायला दोन-तीन दिवस मागे चालतो, किंवा दुय्यम हीरोंची साखळी लावतो. पोर्टलवाला मोहिमेवरून थेट गावात. इंदुरात विजयनगरहून राजवाड्यावर यायला ट्रॅफिकच लागू नये, तशी सोय. हालचालीचे जाऊन जाऊन 300 पॉइंट जातात, एक्स्पर्टला 200. सपाट जमिनीवर सरळ एक घर 100 पॉइंटचं, म्हणजे दोन-तीन पावलं.

बहुतेक जण इथे मानाचा खर्च वाढवतात. करून पाहा, काही होत नाही. मूळ खर्च 16, अर्थ शिकलेल्याला 12. पण पोर्टलने तुम्ही जाता कुठे? गावात. गावात मेज गिल्ड असते. रात्र तिथे काढली की सकाळी माना पूर्ण भरलेला. रस्त्यावर रोज 1 माना परत येतो आणि इथे सगळाच्या सगळा, म्हणजे हा स्पेल स्वतःचं बिल स्वतःच परत करतो. 12 चे 24 केलेत तर नॉलेज 2 वाला तेवढा अडेल, पण चौथ्या आठवड्यातल्या मुख्य हीरोचं नॉलेज त्याहून बरंच जास्त असतं.

तेव्हा किंमत दिवसांत घ्या. अ‍ॅडव्हान्स्डपासून हवं ते गाव निवडता येतं, ही खरी ताकद आहे. ती एक्स्पर्टवर ढकला आणि अ‍ॅडव्हान्स्डला जवळचंच गाव ठेवा. आणि हॉटसीटमध्ये तोंडी नियम करा: सातव्या आणि पहिल्या दिवशी पोर्टल बंद. कोणी म्हणेल, सहाव्या दिवशी येऊन बसेन. बसू द्या. त्याचा सातवा दिवस वाया गेला, तीच किंमत हवी होती. शिवाय गावाच्या दारात दुसरा हीरो उभा असेल तर तिथे पोर्टलने उतरता येत नाही, हे नवख्यांना आधी सांगा, नाहीतर ऐन वेळी भांडणं.

फायरचा आजार वेगळा. हीरोची पॉवर (जादूची ताकद) 10 आणि कौशल्य एक्स्पर्ट धरून हिशेब मांडू. एअरचा लायटनिंग बोल्ट: 25 गुणिले 10, अधिक 50, म्हणजे 300, खर्च 8. फायरबॉल: 10 गुणिले 10, अधिक 60, म्हणजे 160, खर्च 12. माना-मागे बोल्टचे साडेसदतीस, फायरबॉलचे तेरा-साडेतेरा. फायरबॉलमध्ये तीन तुकड्या सापडल्या तरच तो बरोबरीला येतो, आणि आपली माणसं त्यात सापडता कामा नयेत. वर बोल्ट दुसऱ्या पातळीचा, विस्डम लागत नाही, फायरबॉल तिसऱ्या.

म्हणून फायरबॉलचा गुणक 10 चा 20 केलात तर? 260 झाले. कोपऱ्यात तिरंदाज आणि त्याला वेढा देऊन उभ्या दोन तुकड्या, ही बचावाची जुनी मांडणी. तिच्यावर एका स्पेलमध्ये 780. आता कोणी ती मांडणी करणारच नाही, आणि गेममधला एक सुंदर प्रकार गेला. गुणक तसाच ठेवा, खर्च 12 वरून 8 करा. माना-मागे 20 पडतात, म्हणजे दोन तुकड्यांत वसूल. स्पेल दुसऱ्या पातळीवर आणायचा मोह आवरा. गिल्डच्या दुसऱ्या मजल्यावर चारच जागा असतात, एक आत आला की ब्लाइंड (तुकडी आंधळी करणारा स्पेल) मिळायची शक्यता कमी होते, आणि फायरचं खरं सोनं ब्लाइंडच आहे.

आर्मगेडनला मात्र हात लावू नका, तो स्पेल म्हणून महागच आहे. त्रास जोडीचा आहे: ब्लॅक ड्रॅगनवर जादू चालत नाही, त्यामुळे फक्त ड्रॅगन घेऊन आलेला हीरो दर फेरीला सगळं मैदान भाजून काढतो. काढायचाच असेल तर त्या नकाशावर जोडीतलं एक काढा.

वॉटरबद्दल थोडक्यात: ब्लेस आणि प्रेयर चांगले आहेत. ब्लेस कमाल डॅमेज देतो, अ‍ॅडव्हान्स्डपासून त्यावर 1 जास्त, म्हणून 1 ते 3 मारणाऱ्या स्केलेटनची सरासरी 2 वरून 4 होते, आणि नेहमीच 50 मारणाऱ्या आर्चएंजलला फक्त 1 मिळतो. नकाशावर मात्र होड्या बोलावणं, बुडवणं, पाण्यावर चालणं. नकाशात समुद्रच नसेल तर या शाखेचा अर्धा भाग कोरडा. इथे आकडे नाही, नकाशा बदलायचा.

बदल करायला व्हीसीएमआय हे गेम चालवणारं मुक्त इंजिन सोपं; मूळ गेमच्या फाईली मात्र स्वतःच्या लागतात. स्पेलचे आकडे साध्या जेसन फाईलीत असतात. मूळ फाईल न उघडता वेगळा मॉड (बदलांचा संच) करा आणि त्यात बदललेल्या ओळीच लिहा, म्हणजे परत फिरायला फोल्डर काढलं की झालं. एखादा स्वल्पविराम सुटला की मॉड नीट लोड होत नाही. "बदल लागलाच नाही" याचं पहिलं कारण बहुधा तेच, लॉग उघडून बघा.

चाचणी करताना एका वेळी एकच आकडा बदला, दोन्ही बाजूंना सारखा नकाशा घ्या, आणि दर डावाला खेळाडूंची बाजू बदला. निकाल मोजून समाधान मानू नका. वीस डावांत 14-6 आलं तरी नुसत्या नाणेफेकीतही कुठल्या तरी एका बाजूला 14 किंवा जास्त, असं 100 पैकी साधारण 11-12 वेळा होतं. त्याऐवजी वहीत तीन रकाने आखा: मुख्य हीरो राखणदारांची शेवटची फळी कितव्या दिवशी फोडतो, तोवर किती सैन्य गमावलं, आणि त्या दिवशी माना किती उरला. स्लोचा बदल लागला असेल तर तिसरा रकाना आधी हलतो, पहिला नंतर. पहिला रकाना हलला आणि तिसरा जागेवरच राहिला, तर कोणीतरी नियम मोडून सातव्या दिवशी पोर्टल वापरलंय, एवढं नक्की.