कागदावर मुंबई, बंदर न्हावा शेवा

भंडाऱ्याच्या गिरणीचा तांदूळ, 25 किलोच्या 1,000 गोण्या, 20 फुटी कंटेनर. नागपूरच्या अजनीला, कंटेनर डेपोत, भरणी चोख झाली होती. रिकाम्या कंटेनरमध्ये आधी माणूस उभा करून बाहेरून दारं लावायची. पत्र्यातून टाचणीएवढा जरी उजेड दिसला तरी तो कंटेनर परत. मग भिंतींना क्राफ्ट पेपर, वर ओल शोषणाऱ्या पिशव्या. समुद्रावर रात्री पत्रा गार पडला की आतली वाफ छताला धरते, थेंब वरच्या थरावर गळतात आणि तांदळाला बुरशी लागते. आमची माणसं हे काम जीव लावून करतात.

घोटाळा निघाला कागदात. कंटेनरच्या सीलचा नंबर ताडताना दिसलं की शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायच्या कागदावर, बाहेर पडायच्या बंदराचा कोड आयएनबीओएम1, म्हणजे मुंबई बंदराचा आहे. जहाजाची बुकिंग होती न्हावा शेवाची, कोड आयएनएनएसए1. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 149 खाली दुरुस्तीचा अर्ज लगेच दिला, सोबत बुकिंगची प्रत जोडली. मंजुरी आली दुसऱ्या दिवशी. तोवर रेक, म्हणजे कंटेनरची मालगाडी, गेली, बंदराचा कटऑफ, म्हणजे माल आत घेण्याची शेवटची वेळ, टळला, जहाज हुकलं.

गिरणीवाले फोनवर म्हणाले, "भाऊ, मुंबईचं बंदर मुंबईत नाही तं कुठं आहे?"

मुंबईत बंदर आहेच. 1880 साली प्रिन्सेस डॉक झाला, 1914 साली अलेक्झांड्रा, म्हणजे आताचा इंदिरा डॉक. पण इंदिरा डॉकात शिरायचं तर लॉकगेटमधून, म्हणजे पाणी अडवणाऱ्या दारांमधून, आणि ते जेमतेम 30 मीटर रुंद. आजची मोठी कंटेनर जहाजं त्याहून रुंद असतात. भोवती शहर दाटलेलं, ट्रेलर उभे करायला जागा नाही. म्हणून 1989 साली खाडीपलीकडे, उरणच्या बाजूला न्हावा शेवा सुरू झालं आणि कंटेनर हळूहळू तिकडे गेले. मुंबई बंदरात आता मुख्यतः तेल, पोलाद, मोटारी. दोन्ही बंदरं एकाच पाण्यावर समोरासमोर, पण कस्टम्सला ती दोन वेगळी गावं.

कोड भरणाऱ्या पोराला ऑफिसात सगळ्यांनी झापलं. ते मला पटलेलं नाही. इनव्हॉइसवर 'मुंबई' छापलं होतं, त्याने तेच भरलं. बुकिंग आणि बिल यांतली बंदरं जुळत नसतील तर सॉफ्टवेअरने तिथेच अडवायला हवं. तपासून सही करणारा तर मीच होतो.

कंटेनर पुढच्या रेकने गेला. त्याच गिरणीचा नवा करार काल आला. बंदराच्या रकान्यात पुन्हा 'मुंबई'. सकाळीच फोन करून तो बदलून घेतला.