तुम्ही विचारलंत म्हणून: 'यात्' कुणी घालवलं?

रशियन शिकवतो म्हटलं की कुणीतरी हटकून विचारतं, "बोल्शेविकांनी म्हणे वर्णमालेतली अक्षरंच उडवली?" उडवली खरी, पण तो बेत त्यांचा नव्हता.

त्यातलं सगळ्यांत गाजलेलं अक्षर 'यात्'. दिसायला इंग्रजी लहान बी, फक्त दांडीवर एक आडवी रेघ. मुळात त्याचा उच्चार वेगळा होता. रशियनमध्ये तो 'ये'त मिसळून गेला, अक्षर मात्र लेखनात तसंच राहिलं. 1962 च्या नियमांआधी आपल्याकडे 'घरांत', 'केलें' यांवरचे अनुच्चारित अनुस्वार होते, तीच गत. कानाला काही कळत नाही म्हटल्यावर पाठांतराला पर्याय नाही. रशियन मुलं पद्य घोकायची: पांढरा, फिकट, बिचारा सैतान उपाशीपोटी रानात पळाला. यातला 'उपाशी' आणि 'रानात'मधल्या 'त'साठीचा एकाक्षरी शब्द सोडला तर बाकी प्रत्येक रशियन शब्दात यात्!

1904 मध्येच विज्ञान अकादमीच्या समितीने ते काढायची शिफारस केली होती. मे 1917 मध्ये, झार गेल्यावर आलेल्या हंगामी सरकारच्या शिक्षण खात्याने शाळांना तसं कळवलंही. त्यानंतर सत्तेवर आलेल्या बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या पक्षाने, डिसेंबर 1917 आणि ऑक्टोबर 1918 असे दोन हुकूम काढून ते अंमलात आणलं. तेही दांडगाईने: शब्दांच्या शेवटी लागणारं मुकं 'कठीण चिन्ह' रद्द झालं, तर त्याचे छपाईचे खिळेच छापखान्यांतून उचलून नेले. शब्दाच्या मध्ये ते लागतच होतं. मग जुळारी तिथे अपॉस्ट्रॉफी ठोकायचे.

रशियनचं यात काही बिघडलं असं मला वाटत नाही. 'खाणे' आणि 'आहे' हे दोन शब्द आता एकसारखे दिसतात, एवढंच. वाक्यात कुणी गोंधळत नाही.

बल्गेरियाची गोष्ट वेगळी. तिथे पांढऱ्याला पूर्वेकडे 'ब्याल' म्हणतात, पश्चिमेकडे 'बेल'. यात् असलेला एकच शब्द दोघंही आपापल्या तोंडाने वाचत. 1921 मध्ये ते काढलं, 1923 मध्ये परत आणलं आणि 1945 मध्ये कायमचं काढून टाकलं. आता प्रमाण लेखनात 'ब्याल'. सोफिया राजधानी असली तरी ती पश्चिमेची, त्यामुळे तिथल्या माणसाला घरच्या बोलीत 'बेल' म्हणत 'ब्याल' लिहावं लागतं. तेव्हा यात् गेल्याची हळहळ कुणी करायचीच, तर ती बल्गेरियनांनी.