माहेरच्या मारहाणीलाही हाच कायदा लागतो

कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 हा फक्त नवरा-सासरसाठी आहे, असं पोलीस ठाण्यातही ऐकवलं जातं. मलाही आधी लग्नाचंच विचारलं. पण एकाच घरात राहणारी मुलगी किंवा बहीणही अर्ज करू शकते, आणि पगार काढून घेणं हा त्यात आर्थिक छळ धरला जातो. माझा अर्ज वडील आणि भावाविरुद्ध होता.

अर्जाआधी कागद सोडवून घ्यावेत. आधारला घरच्यांचा मोबाईल नंबर जोडलेला असेल तर प्रत्येक ओटीपी त्यांच्याकडे जातो. आधार केंद्रावर अंगठा देऊन तो बदलता येतो. मग जनधनचं स्वतःचं खातं उघडून पगार तिकडे वळवायचा. कपाटात अडकलेल्या गुणपत्रिका मला डिजिलॉकरवर मिळाल्या.

मार लागला की सरकारी दवाखान्यात केसपेपरवर कोणी, कशाने मारलं हे लिहून घ्यावं. सोबत घरचं माणूस असलं की 'पाय घसरून पडली' अशी नोंद होते, आणि समोरचा वकील पुढे तोच कागद काढतो.

या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी घटना अहवाल भरून घेतात, फी नाही. इथेच बहुतेक अर्ज कच्चे राहतात. 'नेहमी मारतात' याला काही वजन नाही. साधारण तारीख, जागा, कोण हजर होतं, किती पैसे घेतले, हे सगळं लागतं. मावशीकडे तात्पुरतं राहत असाल तर तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज चालतो.

कलम 12 च्या मुख्य अर्जासोबत कलम 23 चा अंतरिम अर्ज (निकाल लागेपर्यंत तात्पुरता आदेश मागणारा) प्रतिज्ञापत्रासह त्याच दिवशी दिलेला बरा. 60 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो खरा, पण नोटीस बजावणीतच घोडं अडतं. म्हणून घराच्या पत्त्याबरोबर कामाचं ठिकाणही लिहावं.

वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 15100.

त्या घरात परत जायचं नसेल तर कलम 19 खाली भाडंही मागता येतं. मी तेच मागितलं. आदेशाची प्रत मोफत मिळते, ती जवळच ठेवावी. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.