तुम्ही विचारलंत म्हणून: उरलेले पफ फ्रिजमध्ये ठेवू का?

"ताई, उरले तर फ्रिजमध्ये ठेवू ना?" खोकं हातात पडतं न पडतं तोच हा प्रश्न. नको म्हटलं की बघतात असं, जणू मी उद्या पुन्हा विकत घ्यायला लावतेय.

दोन वर्षांपूर्वी मीच सांगायचे, "चार दिवस बिनधास्त ठेवा." कुठून आणलं होतं हे ज्ञान, देव जाणे.

मग ती आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. धुळ्याला आंब्याचे साठ पफ पोचवायचे होते. रात्री एकला शेवटचा ट्रे निघाला, सकाळी सहाची गाडी. गार होईस्तोवर जागायचा धीर नव्हता. कोमट असतानाच प्लास्टिकच्या डब्यांत थरावर थर रचले, झाकणं घट्ट लावली आणि डबे फ्रिजमध्ये. वाटेत पारोळ्याला राहवेना म्हणून एक डबा उघडला. झाकणाला आतून थेंब लोंबत होते. वरचा पापुद्रा बोटाला चिकटून आला, तळाचे रस सुटून बसलेले. तरी नेऊन दिले. चुकले ते तिथे. घरच्या आजींनी एक उचलला, तो मधोमध वाकला. "हाई काय शे वं माय?" म्हणाल्या, आणि ताटलीत घेऊन चमच्याने खाल्ला. पैसे पूर्ण दिले. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

कोंडलेल्या वाफेने घात केला. शिवाय फळाचं पाणी पदरात शिरतंच, आणि फ्रिजच्या गारठ्यात मैद्यातला स्टार्च बाहेरपेक्षा लवकर शिळावतो, म्हणून पफ चिवट. आता सारणात कॉर्नफ्लोअर घालून, उलथनं ओढलं की कढईचा तळ दिसेपर्यंत आटवते. पफ जाळीवर पार गार झाल्याशिवाय खोक्यात जात नाहीत, खोकंही पुठ्ठ्याचं. केळ्याच्या सारणात (जळगावात राहून केळं कसं टाळणार?) लिंबू पिळते, तरी ते जरा काळवंडतं, नासलं म्हणून फोन करू नका. टिकवायचेच तर भरलेले कच्चे पफ फ्रीझरमध्ये ठेवा आणि गोठलेलेच ओव्हनमध्ये घाला. भाजलेले दुसऱ्या दिवशी 180 अंशांवर आठ-दहा मिनिटं; मायक्रोवेव्ह नको. कस्टर्डवाले मात्र फ्रिजमध्येच, तिथे माझा हट्ट नाही.

पण मे महिन्यात, पारा 45 वर गेल्यावर? ओट्यावरचं सारण संध्याकाळी आंबूस लागतं. तेव्हा "फ्रिज नको" कुठल्या तोंडाने सांगू? गेल्या उन्हाळ्यात उरलेले चार पफ मीच गुपचूप आत ठेवले. सकाळी चिवट झाले होते. चहात बुडवून खाल्ले.