इंटरकॉममध्ये चार आवाज: काम कुठवर आलं

पॅनलचं वायरिंग बरंच पुढं सरकलंय. विमान म्हणजे दोन सीटचं मायक्रोलाइट, अगदी हलकं छोटं विमान. पंख काढून वरुडकडच्या टिनाच्या शेडात उभं आहे. इंटरकॉमला, म्हणजे दोघांचे हेडफोन जोडणाऱ्या डब्याला, रेडिओचं एक इनपुट आणि गाण्यांसाठी एक ऑक्स, म्हणजे जादा इनपुट. आत सोडायचे आवाज मात्र चार: रेडिओ, इंजिन मॉनिटरचा अलार्म, टॅबलेटवरच्या नकाशाच्या सूचना आणि फोनवरची गाणी.

सगळ्या वायरी एकत्र पिळल्या तरी आवाज येतो, नाही असं नाही. पण एकाचं आउटपुट दुसऱ्यावर भार होऊन बसतं आणि आवाज दबतो, फाटतो. फोनचे डावा-उजवा चॅनलसुद्धा त्याच कारणानं थेट जोडायचे नसतात.

खरा विचार अलार्मवर करावा लागला. रेडिओवर कुणी बोललं की आमचा इंटरकॉम ऑक्सचा आवाज आपोआप खाली करतो. गाण्यांसाठी हे झकास. पण ऑइल प्रेशर पडल्याची सूचना नेमकी त्याच वेळी दबली तर? म्हणून अलार्म ऑक्सला दिलाच नाही. रेडिओच्या लाइनीत १५० ओहम, अलार्मच्या लाइनीत ४७० ओहम, आणि पुढं दोन्ही मिळून रेडिओ इनपुटला. रेडिओ जरा हळू होतो, तेवढा त्याचा व्हॉल्यूम वाढवला. फायदा असा, की अलार्म वाजला की गाणी आपोआप खाली जातात. शिवाय या वाटेत नुसते रेझिस्टर आहेत, सप्लाय लागणारं काही नाही.

टॅबलेट आणि फोनसाठी एनई५५३२ या ऑप-अँप (आवाज वाढवणाऱ्या) चिपवर छोटा मिक्सर केला, तो ऑक्सला. प्रत्येक चॅनलला कपॅसिटर आणि १० के (किलो-ओहम) रेझिस्टर, फीडबॅकलाही १० के. मिक्सर जळाला तर गाणी जातील, रेडिओ नाही. कितीही सोयीचं वाटलं तरी रेडिओ मिक्सरमधून फिरवू नये, या मतावर मी ठाम आहे.

टेबलावरच्या चाचणीला फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी वापरली. अॅडॉप्टरवर पन्नास हर्ट्झची घरघर येते आणि मग दोष सर्किटचा की अॅडॉप्टरचा, हे कळत नाही. लाईन गेली तरी काम थांबत नाही, हेही आलंच. टिनाखाली मे महिन्याच्या दुपारी सोल्डरिंग करणाऱ्याला बाकी काही सांगायला नको. पंखा लावला तर बिट थंड, बंद केला तर आपण गरम.

मग चाकांना ओंडके लावून, शेपटी बांधून इंजिन चालू केलं. हेडफोनमध्ये बारीक किरकिर, आरपीएमबरोबर चढणारी. दुसऱ्या सीटवरचा मित्र म्हणे, "काहून बा, याच्यात रातकिडे घुसले काय?" फोनचा चार्जर काढला की किरकिर गायब. म्हणजे चार्जरमधून एक ग्राउंड आणि ऑडिओ केबलमधून दुसरं, असा वेढा तयार झाला होता. फोनच्या लाइनीत ६०० ओहमचा एकास-एक ट्रान्सफॉर्मर टाकला, म्हणजे आवाज जातो पण ग्राउंड जोडलं जात नाही. आता चार्जर लावूनही शांत.

राहिलेली बारीक कुरकुर माइकच्या जॅकमधून येत होती. पॅनल अॅल्युमिनियमचं, जॅकची बाही (बाहेरचा धातूचा भाग) पत्र्याला टेकली की ग्राउंड तिथूनही मिळतं. फायबरचे वॉशर घालून दोन्ही जॅक पत्र्यापासून वेगळे केले, ग्राउंडच्या सगळ्या वायरी इंटरकॉमपाशी एकाच ठिकाणी आणल्या आणि शील्ड फक्त त्याच टोकाला जोडली.

पीटीटीची, म्हणजे दाबून रेडिओवर बोलायच्या बटणाची, वायर स्टिकमधून खाली आणायची बाकी आहे. मिक्सरला १ अँपिअरचा फ्यूज टाकायचाय. त्यानंतर तपासणी आणि कागदपत्रं. ती होईपर्यंत पंख चढणार नाहीत. टॅबलेटच्या सूचना गाण्यांपेक्षा अजून हळू येतात. तिथला १० के उतरवून ४.७ के करून पाहणार आहे. कुणी वेगळी किंमत वापरली असेल तर कळवा.