हे कुठल्या टेबलाचं? अँथ्रोच्या फील्डवर्कचा माझा अनुभव

बी.कॉम. झाल्यावर मी मानवशास्त्राला, म्हणजे अँथ्रोला ॲडमिशन घेतली तेव्हा घरच्यांना वाटलं पोरगी यूपीएससीच्या नादाला लागली. वर्गात बरेच जण होतेच तसे, ऑप्शनलला 500 मार्क आणि सिलॅबस आटोपशीर म्हणतात. ॲडमिशनचं सांगण्यासारखं काही नाही, आमच्याकडे कुठल्याही शाखेची पदवी चालत होती, फॉर्म भरला, लिस्ट लागली, संपलं. मला लिहायचंय ते दुसऱ्या वर्षाच्या फील्डवर्कच्या परवानगीबद्दल, कारण तो राग अजून डोक्यातून गेलेला नाही.

पण विषय किती पसरलेला आहे ते आधी सांगायला हवं, सगळं घोडं तिथेच अडलं. सकाळी हाडांचं प्रॅक्टिकल. दुपारी नात्यांचे तक्ते, त्रिकोण म्हणजे पुरुष आणि गोल म्हणजे बाई, आणि मामाच्या मुलीशी लग्न चालतं तर काकाच्या मुलीशी का नाही यावर तासभर भांडण. मग पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या प्राचीन वस्तीचं उत्खनन, तिथे घराच्या जमिनीखाली तान्ही मुलं दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून पुरलेली सापडली आणि मोठ्या माणसांची पावलं घोट्यापासून तोडलेली. पुढच्या तासाला रक्तगट, बोटांचे ठसे, पीटीसी. पीटीसी हे एक रसायन, त्यात भिजवलेला कागद जिभेवर ठेवायचा, कुणाला कडूजहर लागतो, कुणाला काहीच नाही, आणि हे अनुवंशिक असतं. माझी मैत्रीण बेसिनकडे पळाली, मी आपली कागद चघळत बसले. इरावतीबाई कर्वे आपल्याला महाभारतावरच्या लेखनामुळे माहीत, पण त्यांची बर्लिनची पीएचडी माणसाच्या कवट्यांवर होती हे मला इथे आल्यावर कळलं. तीच बाई पुढे डेक्कन कॉलेजात शिकवते, भारतभरच्या नातेव्यवस्थेवर लिहिते. त्यांना कुणी विचारलं नसेल, बाई तुमचं टेबल कुठलं म्हणून.

आम्हाला विचारलं. माझा विषय एका कातकरी वाडीवर होता. आश्रमशाळेतल्या मुलांची उंची-वजनं घ्यायची, वाडीत घरोघरी वंशावळ लिहायची, आणि नदीतून-रानातून काय काय आणून खातात त्याची नोंद करायची. गाइडनी लेटरहेडवर छान पत्र दिलं. ते घेऊन मी आदिवासी विकासाचं काम बघणाऱ्या एका सरकारी ऑफिसात गेले, नाव-गाव लिहीत नाही, अशी ऑफिसं सगळीकडे असतीलच.

आवक-जावकला म्हणाले, उंची-वजन आहे ना, मग हे आरोग्याचं, वरच्या मजल्यावर जा. वरचे म्हणाले मुलं शाळेतली, म्हणजे शिक्षणाचं. शिक्षणवाल्या मॅडमनी पत्र शेवटपर्यंत वाचलं (एवढं तरी केलं) आणि म्हणाल्या, "वंशावळ लिहिलंय तुम्ही. म्हणजे हे जातपडताळणीचं काम, ते आमच्याकडे येत नाही." मी म्हटलं मॅडम, पडताळणी नाही, अभ्यास आहे. "अभ्यास आहे तर मोजमाप कशाला?" यावर काय बोलणार.

मग साहेब व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये, साहेब दौऱ्यावर, साहेब आत्ताच बाहेर पडले. एकदाचे भेटले तेव्हा विचारलं, मोजणार कशाने? मी पिशवीतून स्प्रेडिंग कॅलिपर काढला. तो दिसतो मोठ्या सांडशीसारखा, वाकडे दोन पाय आणि टोकाला गोळे. साहेब खुर्चीत मागे सरकले. शेवटी शिपाईमामांना बसवून त्यांचंच डोकं मोजून दाखवलं, आधी लांबी मग रुंदी, आणि रुंदी भागिले लांबी गुणिले 100 करून इंडेक्स सांगितला. मामा खूश, "जास्त आहे का कमी?" म्हणून दोनदा विचारलं. साहेबांनी फाइलवर लिहिलं 'अभिप्राय घ्यावा' आणि फाइल परत आरोग्याकडे!

इकडे माझा जीव टांगणीला, कारण दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात ती पावसाच्या तोंडावरच परतायची, आणि बरेचदा मुलंही शाळेतून काढून सोबत नेतात. हे त्या ऑफिसाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं ना? तर मला सल्ला काय, पावसाळ्यात या. माझा प्रबंध एप्रिलमध्ये जमा करायचा होता.

सुटका केली आवक-जावकच्याच काकांनी. "ताई, एवढं सगळं एका पत्रात असलं की कुणी सही करत नाही. शाळेचं वेगळं पत्र आणा, त्यात उंची-वजन एवढंच. वाडीचं ग्रामपंचायतीला द्या, आमचं नावच काढू नका." गाइड वैतागले, कारण माणसाचं शरीर, नाती, खाणं सगळं एकत्र बघायचं हाच तर या विषयाचा दावा, आणि सहीसाठी त्याचे तुकडे करा. केले. शाळेची परवानगी आली, खाली अट, 'रक्ताचे नमुने घेण्यात येऊ नयेत.' रक्ताचा र सुद्धा आमच्या पत्रात नव्हता.

तुम्ही जाणार असाल तर प्रत्येक पत्राच्या झेरॉक्सवर आवक नंबर आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा, पोच नसेल तर पत्र आलंच नाही म्हणतात. साधनांचे फोटो पत्राला जोडा, म्हणजे डोकी मोजायची वेळ येणार नाही. संमतीपत्र मराठीत करा आणि वाडीत ते मोठ्याने वाचून दाखवा. आणि हो, दिवाळीनंतरचं फील्डवर्क ठरवत असाल तर पत्रव्यवहार गणपतीच्या आधी सुरू करा, मध्ये आचारसंहिता लागली तर विचारूच नका.

मी वाडीत पोचले तोवर निम्म्या घरांना कुलपं. मग भट्टीवरच गेले. तिथल्या मालकाला वाटलं कामगार खात्यातून आलेय, त्याने आधी चहा दिला. वंशावळी मात्र तिथेच मस्त झाल्या, रात्री सगळे एकत्र असायचे आणि एका आजीने चार पिढ्या धडाधड सांगितल्या, मधे सून काही चुकीचं बोलली की तिला गप्प करून. उंची मोजायला सपाट जागा कुठेच नव्हती, सगळीकडे राख आणि तुकडे, म्हणून एक फळी बरोबर ठेवा, दीड-दोन फुटांची पुरते.