शब्दशोधक, पुढची नोंद: ‘सी++’ आणि नाहीशी झालेली एरर

माझ्या शब्दशोधकात, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या मजकूर शोधणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ‘सी++’ या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेच्या नावाचा शोध बिनचूक चालतो, असे मी मागच्या नोंदीत लिहिले होते, ते विधान मागे घेत आहे. पायथनच्या 3.10 आवृत्तीवरून 3.11 वर आल्यापासून तोच शोध ‘सीमा’ आणि ‘सीरियल’ असे शब्द आणू लागला आणि एरर मात्र कुठेच दिसेना.

दोन संध्याकाळी यातच गेल्या. शोधायचा मजकूर माझा कोड पॅटर्न (शोधाचा नमुना) म्हणून वाचतो आणि पॅटर्नमध्ये + म्हणजे ‘आधीचे चिन्ह एक किंवा अधिक वेळा’. 3.10 पर्यंत + ला लागून दुसरा + आला की ‘मल्टिपल रिपीट’ ही एरर येत असे. ती पकडून माझा कोड साध्या मजकूर-शोधाकडे वळे आणि केवळ त्यामुळेच उत्तर बरोबर येई. 3.11 मध्ये पझेसिव्ह क्वांटिफायर (एकदा जुळलेले परत न सोडणारी पुनरावृत्तीची चिन्हे) आले, ++ वैध ठरले आणि ‘स’पुढे एक किंवा अधिक दुसऱ्या वेलांट्या, एवढाच त्या पॅटर्नचा अर्थ उरला. ही सोय चांगलीच आहे. चूक माझ्या कोडची होती.

आता शोधायचा मजकूर आधी आरई मॉड्यूलच्या, म्हणजे पायथनमधील पॅटर्न-शोधाच्या सोयीच्या, एस्केप फंक्शनमधून जातो; ते विशेष अर्थाच्या चिन्हाआधी बॅकस्लॅश लावून त्याला साधे चिन्ह बनवते. सी\+\+ असे नेमके दोनच बॅकस्लॅश छापलेले पाहून फार समाधान वाटले, कारण 3.7 पूर्वी हेच फंक्शन प्रत्येक देवनागरी चिन्हाआधी बॅकस्लॅश लावत असे आणि लॉग वाचणे नकोसे होई.

तरीही ‘पूर्ण शब्द’ हा पर्याय निवडला की निकाल शून्य. त्या पर्यायात वापरलेल्या बॅकस्लॅश-बी या शब्दसीमेच्या खुणेला एका बाजूस शब्दातील चिन्ह लागते. + आणि मोकळी जागा यांपैकी एकही तसे नाही. त्याहून वाईट म्हणजे आरई मॉड्यूल वेलांटीलाही शब्दातील चिन्ह मानत नाही, त्यामुळे नुसता ‘सी’सुद्धा सापडत नाही. म्हणून बॅकस्लॅश-बी काढून दोन्ही टोकांना नकारार्थी लुकबिहाइंड आणि लुकअहेड (आधी किंवा पुढे अमुक चिन्ह नको, अशा अटी) लावले, आणि त्यांच्या कॅरेक्टर क्लासमध्ये (चिन्हांच्या यादीत) बॅकस्लॅश-डब्ल्यू, म्हणजे शब्दातील कोणतेही चिन्ह, याच्यासोबत युनिकोडमधील 0900 ते 097एफ हा देवनागरी पल्ला घातला. ‘सी’ आणि ‘सी++’ दोन्ही सापडले.

हे लिहीत असतानाच लक्षात आले की दंड आणि दुहेरी दंड, म्हणजे 0964 आणि 0965, याच पल्ल्यात येतात, म्हणजे जुन्या मजकुरातील दंडाला चिकटलेला शब्द वगळला जाईल. त्यामुळे बदली-सुविधेचे (सापडलेल्या शब्दाच्या जागी दुसरा घालण्याचे) काम थांबवून आधी पल्ल्याचे दोन तुकडे करीन. बदलीच्या मजकुराला एस्केप फंक्शन लावायचे नाही, तिथे फक्त बॅकस्लॅश दुहेरी करायचा, एवढे मात्र आताच कोडमध्ये लिहून ठेवले आहे.